मित्राला दवाखान्यात आणणाऱ्या मुलाला शिक्षा नको: सोलापुरातल्या प्राचार्यांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य आणि वसतिगृहांचे रेक्टर

सप्रेम नमस्कार.

26 जूनचा अमली पदार्थविरोधी दिन जवळ आला की आपल्याकडे तयारी सुरू होते. एनएसएसची मुलं फलक रंगवतात, फेरी निघते, पोलीस अधिकारी मार्गदर्शन करतात आणि शेवटी सगळे हात पुढे करून शपथ घेतात. त्यामागची आपली कळकळ खरी आहे. पण वसतिगृहाच्या खोलीत रात्री दोन वाजता मित्र भिंतीशी बोलायला लागला तर काय करायचं, हे त्या शपथेत कुठेच नसतं. मी या शहरातल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका होते. अशी मुलं मी दारातून आत येताना पाहिली आहेत आणि त्यांना बाकावर बसवून निघून जाणारे त्यांचे मित्रही पाहिले आहेत.

माझं मागणं एकच आहे, ते आधीच सांगते. नशेत बिघडलेल्या मित्राला जो विद्यार्थी दवाखान्यात आणेल आणि त्याने काय घेतलं हे डॉक्टरांना खरं सांगेल, त्याच्यावर महाविद्यालय त्या कारणाने कारवाई करणार नाही, असं आपण लेखी जाहीर करावं. जो आजारी पडला त्याच्यावरही नाही.

भास घडवणाऱ्या नशेचं नाव निघालं की आपल्या डोळ्यांपुढे गोवा येतो, मुंबई-पुण्याच्या पार्ट्या येतात. सोलापुरात इतकं लांब जायची गरज नाही. रेल्वे रुळांच्या कडेला, उकिरड्यावर, जुळे सोलापूरच्या मोकळ्या प्लॉटांवर धोतरा उगवतो. महाशिवरात्रीला बेलाच्या पानांशेजारी त्याची काटेरी फळं टोपलीत विकायला असतात. श्री सिद्धेश्वरांच्या या गावात ते फळ माहीत नाही असं पोर सापडणार नाही. देवाला वाहतात, फुकट मिळतं, पोलीस पकडत नाहीत. मग पैज लागते आणि कुणीतरी बिया चावून बघतं.

धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन आणि हायोसायमिन असतं. यातलं अ‍ॅट्रोपिन आमच्या ट्रॉलीवर कायम असायचं. शेतातलं फवारणीचं औषध प्यायलेला माणूस आला की त्याला तेच इंजेक्शन द्यायचं, आणि देताना दर थोड्या वेळाने नाडी, बाहुल्या, छाती बघत राहायचं. जास्त झालं की रुग्ण चादर चिमटायला लागतो, हवेतलं काहीतरी पकडायला जातो, पलंगावरून उतरून घरी निघतो. डॉक्टर समोर उभे असताना, शुद्ध औषध मोजून देतानाही आम्ही धास्तावलेलो असायचो. धोतऱ्याच्या फळात ते किती आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. एका झाडाचं प्रमाण दुसऱ्याशी जुळत नाही. त्याच झाडाचं पान वेगळं, बी वेगळं. काल मित्राला काही झालं नाही, या भरवशावर आज दुसरा मुलगा अतिदक्षता विभागात पोचू शकतो.

एक रात्र सांगते. शिवरात्र नुकतीच होऊन गेली होती. दोन मुलांनी तिसऱ्याला रिक्षातून आणलं आणि केसपेपर काढायला म्हणून जे गेले ते परत आलेच नाहीत. त्या मुलाचं अंग तापलेलं, चेहरा लाल, जीभ कोरडी ठाक, बाहुल्या इतक्या मोठ्या की बुबुळाचा रंग दिसेना. तो कुणा काकांशी बोलत होता. काका तिथे नव्हतेच. दोन बोटं ओठांशी नेऊन नसलेली सिगारेट ओढत होता. लघवी तुंबून पोट फुगलेलं, नळी घालावी लागली. बरोबर कुणीच नाही, काय खाल्लं ते सांगायला तो शुद्धीवर नाही. ताप आणि बरळणं म्हणजे मेंदूज्वरही असू शकतो. डॉक्टरांनी त्या दिशेने तपासण्या सुरू केल्या, स्कॅन झालं, मणक्यातलं पाणी काढायची तयारी झाली. त्यांची काहीच चूक नव्हती. पहाटे त्याच्या फोनवरून एका मित्राला गाठलं तेव्हा तो रडत म्हणाला, धोतरा खाल्ला होता, कॉलेजात कळलं तर दाखला हातात देतील म्हणून आम्ही बोललो नाही. मधले सगळे तास त्या भीतीत गेले. मुलगा वाचला. पुढचे दीड-दोन दिवस तो बडबडत होता आणि शुद्धीवर आल्यावर त्याला त्यातलं फारसं काही आठवत नव्हतं.

आपल्या हवेमुळे हे आणखी वाईट होतं. धोतरा घाम बंद करतो. शिवरात्रीनंतर सोलापूरचं ऊन चढायला लागतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून जातो. घाम न येणारं अंग अशा खोलीत निवत नाही. पत्र्याच्या खोलीत, बाहेरून कडी लावून, उतरेल सकाळपर्यंत म्हणून ठेवलेला मुलगा तापाने दगावू शकतो.

आता त्या कागदाबद्दल, ज्याला मुलं स्टॅम्प म्हणतात. एलएसडी. स्वित्झर्लंडमधल्या बासेलला, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट हॉफमन यांनी ते 1938 साली तयार केलं आणि 1943 साली त्याचा परिणाम त्यांना स्वतःच्या शरीरावर कळला. त्या वर्षी 19 एप्रिलला त्यांनी मुद्दाम 250 मायक्रोग्रॅम घेतलं, म्हणजे एका मिलिग्रॅमचा चौथा भाग. घरी पोचल्यावर ओळखीची शेजारीण त्यांना चेटकीण दिसायला लागली, आपण मरतो आहोत असं वाटलं. तपासायला आलेल्या डॉक्टरांना मोठ्या झालेल्या बाहुल्यांपलीकडे काही सापडलं नाही. धोतरा आणि हे यांतला फरक इथे दिसतो. एलएसडी घेतलेल्याचं शरीर बहुतेक वेळा तग धरतं, मन ढासळतं, आणि ते आठ ते बारा तास चालतं. मधेच नको म्हणून थांबवता येत नाही. त्या वेळात गच्चीच्या कठड्यावर चढणं, गाडी काढून विजापूर रोडला निघणं, पाण्यात उतरणं, यातून जीव जातो.

यात मला तीन गोष्टींची जास्त काळजी वाटते. पहिली, कागदावर एलएसडीच आहे याची खात्री विकणाऱ्यालाही नसते. एनबोम नावाचं दुसरं रसायन तशाच कागदावर एलएसडी म्हणून विकलं गेलं आहे; त्याने झटके येतात, ताप चढतो आणि माणसं मेली आहेत. दुसरी, ज्याच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा तसा मोठा मानसिक आजार आहे, त्याच्यात हे पदार्थ आजाराला वाट करून देऊ शकतात. असा आजार पहिल्यांदा डोकं वर काढतो तो बहुधा विशीच्या आसपास, म्हणजे आपल्या वर्गातल्याच वयात. घरात असा आजार होता हे कित्येक मुलांना माहीतच नसतं, कारण घरातल्या त्या आजारी काकांबद्दल कुणी बोलत नाही. तिसरी, काहींना नशा उतरल्यावरही महिनोन् महिने दिव्याभोवती वलयं, हलणाऱ्या वस्तूमागे रेघा दिसत राहतात. ते घाबरतात, अभ्यास सुटतो, आणि सांगायचं कुणाला हा प्रश्न तसाच उरतो.

एवढं सांगून मला हेही सांगायलाच हवं की एलएसडी दारूसारखं किंवा गर्दसारखं शरीराला जखडत नाही. ते न मिळाल्याने अंग थरथरत नाही. आपल्या भाषणांत मात्र सगळ्याच नशा एका दावणीला बांधलेल्या असतात: एकदा घेतलं की गुलाम, एकदा घेतलं की मरण. समोर बसलेल्या दोनशे मुलांत एक तरी असा असतो, ज्याच्या मित्राने तो कागद घेतला आणि पुढच्या सोमवारी प्रॅक्टिकलला नीट हजर राहिला. त्या मुलाच्या लेखी आपण त्याच क्षणी खोटे ठरतो. मग धोतऱ्याबद्दल, एनबोमबद्दल, घरातल्या आजाराबद्दल आपण जे खरं सांगू, तेही तो ऐकत नाही. अमेरिकेत 1983 साली लॉस एंजेलिसमध्ये गणवेशातल्या पोलिसांनी वर्गात जाऊन नकार द्यायला शिकवण्याचा डेअर नावाचा कार्यक्रम सुरू केला. तो देशभर पसरला, त्यावर अफाट पैसा गेला. पुढे अभ्यास झाले तेव्हा मुलांच्या नशा करण्यावर त्याचा जवळपास काही परिणाम झालेला दिसला नाही. तेच आपण इथे कशासाठी करत राहायचं?

मुलांच्या हातात मोबाइल आहे. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2023 पासून परवानाधारक मनोविकारतज्ज्ञांना ठरावीक रुग्णांसाठी सायलोसायबिन, म्हणजे भास घडवणाऱ्या अळंब्यांतलं द्रव्य, वापरायची मुभा दिली, हे त्यांनी वाचलेलं असतं. ते विचारतात, औषध आहे तर विष कसं? प्रश्न रास्त आहे, आणि वर्गात त्याचं उत्तर मिळायला हवं. तिथे रुग्ण निवडताना घरातल्या मानसिक आजाराची चौकशी होते, द्रव्य शुद्ध आणि मोजलेलं असतं, तासन् तास प्रशिक्षित माणसं शेजारी बसलेली असतात. कुणाच्या तरी खोलीत पाकिटातून काढलेल्या वाळक्या अळंब्यांना यातलं काहीही लागू होत नाही. रानातली अळंबी ओळखण्यात चूक झाली तर यकृत निकामी होतं, आणि त्याची लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

सोलापूरचं नाव एमडीमुळे, म्हणजे मेफेड्रोन नावाच्या नशेमुळे, राज्यभर गेलं. ऑक्टोबर 2023 मध्ये चिंचोळी एमआयडीसीत पोलिसांनी मेफेड्रोनचा कारखाना पकडला, त्याआधी 2016 मध्ये तिथेच इफेड्रिनचा, म्हणजे नशेचे पदार्थ बनवायला वापरतात त्या रसायनाचा, टनावारी साठा सापडला होता. तेव्हापासून भाषणांत एमडीच असते. एमडी ही उत्तेजक नशा आहे, तिची जात वेगळी. पण सलग रात्री जागून ती घेणाऱ्यालाही पुढे आवाज ऐकू यायला लागतात, कुणीतरी मागावर आहे असं वाटतं. असा मुलगा हातात काही घेऊन अंगावर येऊ शकतो, त्याच्याशी वागायची रीत निराळी.

आणि जी मुलं आपल्या महाविद्यालयापर्यंत पोचतच नाहीत, त्यांच्याबद्दल दोन वाक्यं लिहिते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या देशव्यापी पाहणीत भास घडवणारे पदार्थ वापरणारे 0.12 टक्के निघाले, तर पंक्चरच्या सोल्युशनसारखे पदार्थ हुंगणारी मुलं 1.7 टक्के. स्टेशनच्या आसपास रुमाल तोंडाशी धरून बसलेली पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या वासानेही भास होतात आणि हृदय अचानक बंद पडू शकतं. एनएसएसच्या मुलांना फेरीऐवजी एखादा दिवस त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांबरोबर द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आता कायद्याचं. मुलांना वाटतं की दवाखान्यात खरं सांगितलं की तिथूनच बेड्या पडतात. विषबाधेची नोंद एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावं लागणारं प्रकरण, म्हणून होते, पोलिसांना कळवलं जातं, हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की आधी जीव वाचवायचा, कागदपत्रं नंतर. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ मध्येही व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात तिला खटल्यातून संरक्षण मिळण्याची तरतूद आहे. त्याच कायद्याची दुसरी बाजूही मुलांना कळायला हवी. एलएसडीचं व्यापारी प्रमाण अवघं 0.1 ग्रॅम आहे आणि त्यापुढे किमान 10 वर्षं सक्तमजुरी. मुंबई उच्च न्यायालयाने द्रव्याबरोबर कागदाचंही वजन धरायला सांगितलं आहे. मित्रांसाठी म्हणून दहा-बारा तुकडे खिशात ठेवणाऱ्या मुलाला आपण काय करून बसलो हे कळतही नाही. आणि धोतऱ्यावर एनडीपीएसचं कलमच नाही. त्या रात्रीच्या मुलाचे मित्र ज्या शिक्षेला घाबरून गप्प बसले, ती कायद्याची नव्हती, महाविद्यालयाची होती.

आपण म्हणाल, अशी सूट दिली तर मुलं मोकाट सुटतील. मी विकणाऱ्याला सूट मागत नाही. दुसऱ्याच्या पाण्यात किंवा भजीत काही मिसळणाऱ्याला तर अजिबात नाही. तो गुन्हाच आहे, त्याला पोलिसांकडेच द्या. पालकांनाही कळवा, पण मुलगा सावरल्यावर, डॉक्टरांसमोर, आणि घरी नेऊन त्याला मारहाण होणार नाही हे बघून. मुलींच्या बाबतीत हे दुप्पट जपायला हवं. मुलगी रात्री कुठे होती, कुणाबरोबर होती या चौकशीच्या धास्तीने तिच्या मैत्रिणी सकाळपर्यंत खोलीचं दार उघडत नाहीत. रॅगिंगबाबत 2009 च्या यूजीसी नियमांनंतर भिंतींवर हेल्पलाइनचे फलक लागले, नाव न सांगता तक्रार करता येऊ लागली. त्याने शिस्त बिघडली नाही.

फलकावर काय असावं तेही लिहिते, कारण नुसतं व्यसनाला नाही म्हणा एवढं लिहून भागत नाही. भास होणाऱ्या माणसाला एकटं सोडू नका. गर्दी हटवा, दिवा मंद करा, आवाज बंद करा, गच्ची आणि जिना यांपासून लांब न्या, गाडीची किल्ली काढून घ्या. त्याला दिसतंय ते खोटं आहे म्हणून वाद घालू नका. मी इथे आहे, तू सुरक्षित आहेस, एवढं हळू आवाजात सांगत राहा. बांधू नका, मारू नका. ताक, लिंबूपाणी, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, अर्धवट शुद्धीत ते फुप्फुसात जातं. पडून राहिला असेल तर कुशीवर वळवा. अंग तापलं, झटका आला, बाहुल्या मोठ्या आणि तोंड कोरडं पडलं, छातीत दुखू लागलं, हाकेला ओ देईना, यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा किंवा सरळ सिव्हिलला या. धोतऱ्याची शंका असेल तर काही दिसायची वाट बघू नका. उरलेल्या बिया, पान, कागद, बाटली, पाकीट जे असेल ते बरोबर आणा. मिरचीच्या आणि धोतऱ्याच्या बिया एकमेकींसारख्या दिसतात, ते डॉक्टरांना बघू द्या.

त्याखाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे क्रमांक असावेत. आणि एक ओळ अशी असावी की नशा न करताही ज्याला आवाज ऐकू येतात, नसलेली माणसं दिसतात, त्याने सिव्हिलच्या मानसोपचार विभागात यावं. आपल्या भागात अशा मुलाला अजूनही बाहेरचं झालं म्हणून आधी देवऋष्याकडे नेतात आणि आजार बरा होण्याचे महिने हातचे जातात.

हा फलक मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही लावावा. अक्कलकोटकडून येणारी मुलं आहेत, पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली आहेत. घाबरलेलं माणूस घरच्या भाषेत वाचतं. यंदाच्या 26 जूनला भाषणाऐवजी सिव्हिलच्या अपघात विभागातले एखादे निवासी डॉक्टर बोलवा आणि मुलांना चिठ्ठ्यांवर नाव न घालता प्रश्न विचारू द्या. प्रश्न कसेही आले तरी फाडू नका, सगळ्यांची उत्तरं होऊ द्या. मला बोलावलंत तर मी येईन, मानधन नको.

प्रवेश होऊन जुलै-ऑगस्टमध्ये वसतिगृहं भरतील. त्याआधी आपल्या सहीचं ते परिपत्रक प्रत्येक मजल्यावर लागावं आणि रेक्टरांनी पहिल्याच बैठकीत ते मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
सोलापूर